पानाखालची पाने

छापील पान वाचकाच्या हाती पडते तेव्हा ते एकसंध असते. चित्र, मजकूर, चौकट आणि रंगाचा पट्टा हे सारे एकाच वेळी कागदावर उमटले असावे असे वाटते, आणि तसे वाटणे हीच चांगल्या छपाईची खूण मानली जाते. मांडणी करणाऱ्याच्या समोर मात्र तेच पान थराथरांनी उभे असते: तळाशी रंगाची जमीन, तिच्यावर फिकट केलेले देवाचे किंवा किल्ल्याचे चित्र, त्यावर चौकट, चौकटीत मजकूर आणि सर्वांत वर पानाचा क्रमांक. संगणकावरील मांडणीच्या फाइलीत हे थर वेगवेगळे साठवलेले असतात, आणि अशी फाइल जेव्हा एका हातातून दुसऱ्या हाती, एका छापखान्यातून दुसऱ्या छापखान्यात किंवा एका आज्ञावलीतून दुसऱ्या आज्ञावलीत जाते, तेव्हा त्या थरांचा परस्परसंबंध बिघडतो. मजकूर चित्रामागे दडतो, अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांची रांग उमटते, झाकलेली जुनी तारीख छपाईत वर येते. असे बिघाड यंत्राचे म्हणून पाहिले जातात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक बिघाड हे त्या पानाच्या पूर्वेतिहासाचे असतात, आणि तो इतिहास वाचता आल्याशिवाय ते दुरुस्त होत नाहीत. मराठी मुद्रणातील थरांचा हा इतिहास मालवण किनाऱ्याच्या, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात पाहणे विशेष उपयुक्त आहे, कारण येथील छोट्या छापखान्यांचे काम मुख्यतः दरवर्षी परत येणाऱ्या पानांचे आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कुडाळ आणि कणकवली ही छपाईची ठिकाणे. मोठे ग्रंथप्रकाशन मुंबई-पुण्याकडे गेले. येथे राहिली ती लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, दशावतारी नाट्यमंडळांच्या नाट्यप्रयोगांच्या जाहिराती, भजनस्पर्धांचे फलक, शाळा आणि देवस्थानांच्या स्मरणिका, पतसंस्थांच्या दिनदर्शिका आणि स्थानिक साप्ताहिके. या कामांचे वैशिष्ट्य असे की, त्यांचा सांगाडा वर्षानुवर्षे तोच राहतो आणि बदलतात ते तपशील. गेल्या वर्षीचेच काढा, फक्त तारीख आणि नावे बदला, एवढीच गिऱ्हाइकाची सूचना असते. परिणामी एकेका पानावर दहा-पंधरा वर्षांच्या बदलांचे थर साचतात, आणि ते साचवणारे हातही त्या काळात अनेकदा बदललेले असतात.

थरांच्या क्रमाचे महत्त्व या प्रदेशाला छापखान्याच्या आधीपासून परिचित होते. सावंतवाडीच्या गंजिफांचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचे, उदाहरण घ्यावे. दशावतारी गंजिफांच्या डावात दहा अवतारांचे दहा संच आणि प्रत्येक संचात बारा याप्रमाणे १२० पत्ते असतात. कापडाच्या किंवा कागदाच्या चकतीवर आधी चिंचोक्याच्या खळीचा लेप, त्यावर रंगाची जमीन, त्यावर कड आणि आकृत्या आणि शेवटी लाखेचा लेप असा चितारी कारागिरांचा क्रम असे. आधीचा थर वाळण्यापूर्वी पुढचा दिला तर पूर्ण पत्ता वाया जाई. १९७०च्या दशकारंभी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी केली, तेव्हा हा क्रमच शिकवावा लागला. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाच्या चित्रकथीत वेगळी व्यवस्था आहे: कागदाची दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, त्यांची पोथी बांधलेली, आणि मजकूर मात्र पानावर मुळीच नाही, तो कथेकऱ्याच्या तोंडी. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र आणि शब्द वेगळ्या ठिकाणी सांभाळण्याची ही रीत पुढे फाइलींच्या संदर्भात महत्त्वाची ठरते, कारण पिंगुळीच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या चित्राला मजकुराच्या बदलाची झळ न लागल्यामुळेही.

मराठी छपाईची सुरुवातीची महत्त्वाची पाने शिळाप्रेसवरची आहेत. शिळाछापात गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट शाईने उलटे लिहितात वा तसे अक्षर दगडावर उतरवतात. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत या तत्त्वावर शाई फक्त लिहिलेल्या भागाला धरते. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग शिळेवर छापले. शिळेवर चित्र आणि अक्षर यांत कोणताही भेद नसतो. रेघ ती रेघ, मग ती गणपतीच्या सोंडेची असो वा तिथीच्या आकड्याची. म्हणून या पद्धतीत थरांचा बिघाड संभवतच नाही, पण दुरुस्तीही फारशी संभवत नाही, कारण पुढच्या वर्षीच्या पंचांगासाठी शिळा घासून पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागते. वारसा असा उरतो तो केवळ लेखकाच्या हाताच्या सवयीत.

शिशाच्या खिळ्यांनी हे चित्र बदलले आणि मराठी अक्षराच्याच पोटात थर निर्माण केले. देवनागरीची ओळ उभ्या तीन पट्ट्यांत बसते: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटीचा फरा, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचे अंग, खाली उकार आणि पाय मोडल्याची खूण. अक्षर आणि त्याची चिन्हे एकाच खिळ्यावर ओतली तर खिळ्यांची संख्या अफाट वाढते, म्हणून दुसऱ्या पद्धतीत वरची-खालची चिन्हे वेगळ्या छोट्या खिळ्यांवर ओतून ती अक्षराच्या वर-खाली बसवत. पहिल्या प्रकाराला अखंड आणि दुसऱ्याला डिग्री अशी नावे छापखान्यांत रूढ होती. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइपांचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्या कोरणीने तेथील अक्षराला जो डौल आला तो पुढे कित्येक दशके मराठी पुस्तकांचा मानदंड राहिला. बापूराव नाईक यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या ग्रंथात या सर्व घडणीचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. डिग्री पद्धतीत फर्मा, म्हणजे लोखंडी चौकटीत आवळलेला पानांचा संच, जरा सैल राहिला की मात्रा आपल्या जागेवरून सरके आणि एका अक्षराची मात्रा शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाई. जुन्या मराठी पुस्तकांतील अनेक चुका कंपोझिटरच्या अज्ञानाच्या नसून अशा सरकलेल्या थराच्या आहेत, आणि त्यांना शुद्धलेखनाच्या चुका म्हणणे हा त्या कारागिरांवर अन्याय आहे.

कोकणच्या दक्षिण टोकाला १९२०च्या दशकात साप्ताहिकांची जी पिढी उभी राहिली ती याच खिळ्यांवर. वेंगुर्ल्याचे ‘किरात’ आणि सावंतवाडीचे ‘वैनतेय’ ही त्यांतील ठळक नावे. १९२०पासून १९३८पर्यंत शिरोड्याला शिक्षक असलेले वि. स. खांडेकर ‘वैनतेय’मधून सातत्याने लिहीत होते. अशा पत्राच्या पानात चित्र असे ते ब्लॉकच्या रूपाने, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीला आणून बसवलेल्या धातूच्या पत्र्याने. ब्लॉक आणि खिळे एकाच फर्म्यात शेजारी-शेजारी आवळले जात, एकावर एक कधीच नाही. चित्रावर अक्षर हवे असेल तर ते ब्लॉक करतानाच त्यात कोरून घ्यावे लागे किंवा कागद दुसऱ्यांदा यंत्रातून काढावा लागे. मजकूर चित्राला टेकू शकतो पण त्यावर चढू शकत नाही, हे बंधन त्या काळच्या पानांची शिस्त होती; पुढे आधी फिल्मने आणि मग संगणकाने ते बंधन काढून टाकले.

रंग आला तसे खरे थर आले. १८९४ साली सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या चित्रछापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा असे आणि कागद तितक्या वेळा दाबाखालून जाई. देवघरांतील लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांत साडीची कड किंचित सरकलेली दिसते ती एका शिळेचा मेळ दुसरीशी न बसल्यामुळे. पुढे दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांत हीच पद्धत परिपक्व झाली. १९४५पासून ‘दीपावली’ काढणारे मडगावचे दीनानाथ दलाल हे चित्रकार होते तसे अक्षरकारही होते. त्या काळी अंकाचे नाव टाइपात नसून हाताने रेखलेले असे आणि चित्रापासून वेगळ्या कागदावर काढून काळ्या रंगाच्या थरात मिसळले जाई. ऑफसेट छपाई रुळल्यावर हे काम फिल्मवर आले. ट्रेसिंग किंवा बटर पेपरवर टाइप केलेला मजकूर, चित्राचे पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवरील प्रतिमा, आणि रेघा हे सारे काचेच्या उजेडाच्या टेबलावर चिकटपट्टीने एकावर एक लावण्याच्या कामाला पेस्टिंग म्हणत. पेस्टिंग करणारा थरांचा राजा असे, कारण कोणता तुकडा कशाच्या वर गेला हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. पुढच्या वर्षी तेच पत्रक काढायचे झाले की जुन्या फिल्मवर पत्ती मारून, म्हणजे लाल कागदाचा किंवा फिल्मचा तुकडा चिकटवून, जुनी तारीख झाकली जाई आणि शेजारी नवी बसवली जाई. आजच्या फाइलींतील सर्वांत त्रासदायक दोषाचे मूळ या पत्तीत आहे.

मांडणी कागदावरून पडद्यावर गेली ती आल्डस कंपनीच्या पेजमेकर या मांडणीच्या आज्ञावलीमुळे. १९८५ साली तो मॅकिंटॉशसाठी आला, १९९४ साली अडोबीने आल्डस घेतली आणि २००१ साली त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती निघाली. त्याच्या बाजूला १९८९ साली कोरलड्रॉ आला, जो भारतातील छोट्या छापखान्यांचा मुख्य आधार झाला आणि बऱ्याच ठिकाणी आजही आहे. या दोन्हींच्या आरंभीच्या काळात थर म्हणजे केवळ क्रम होता: ज्या वस्तूची निर्मिती नंतर झाली ती वर, आणि पुढे-मागे करण्याच्या आज्ञेने तो क्रम बदलता येई. नाव दिलेले, लपवता येणारे, कुलूप घालता येणारे थर फोटोशॉपमध्ये १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि पेजमेकरमध्ये ६.५ या आवृत्तीत. मराठीतील मोठा पसारा मात्र थरांच्या नावांशिवायच उभा राहिला. डीटीपी, म्हणजे संगणकावरील पानांची मांडणी, शिकलेल्या तरुणांना पेस्टिंगची रीत अवगत होती, म्हणून त्यांनी पडद्यावरही पेस्टिंगच केले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या गुरूंनी त्यांना तेवढेच दिले होते.

मराठी मजकुराचा प्रश्न या सर्वांपेक्षा अधिक खोल होता. त्या काळच्या रोमन फॉण्टमध्ये २५६ जागा असत आणि भारतीय लिपीसाठी वेगळी सोय नसे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती यांनी त्या २५६ जागांत अक्षरे, अर्धी अक्षरे, काने आणि मात्रा बसवल्या. याचा अर्थ असा की, फाइलीत ‘क’ हे अक्षर नसून एखाद्या रोमन चिन्हाचा क्रमांक असतो आणि फॉण्ट त्याला ‘क’ चे रूप देतो. प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा, कधी एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांचाही वेगळा. डिग्री पद्धतीतील मात्रेचा वेगळा खिळा या फॉण्टांत वेगळ्या चिन्हाच्या रूपाने परतला, आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येत असूनही डोळ्याला आधी दिसते म्हणून टंकतानाही आधी येऊ लागली. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तेथे तो फॉण्ट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. इनडिझाइन या मांडणीच्या आज्ञावलीत अशा पर्यायी फॉण्टातील मजकुरावर गुलाबी पट्टा येतो. पुष्कळदा या स्थितीत मजकूर नष्ट झाला असे समजून पुन्हा टंकला जातो. तो नष्ट झालेला नसतो, तो आपल्या चेहऱ्यापासून दूर गेलेला असतो, आणि योग्य आवृत्तीचा फॉण्ट मिळताच जसाच्या तसा परत येतो. म्हणून जुन्या छापखान्याच्या संगणकातून फाइली आणताना तेथील फॉण्टांची प्रत घेणे, त्यांच्या परवान्याची मर्यादा पाळून, हे पहिले काम असते. किनाऱ्यावर त्यालाही मुदत असते, कारण वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि खाऱ्या हवेच्या या पट्ट्यात फ्लॉपी आणि सीडी यांना बुरशी लवकर धरते.

यावर अनेक ठिकाणी उपाय झाला तो कर्व्ह करण्याचा. मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या मोठ्या छापखान्यात आपला फॉण्ट नसेल या धास्तीने छोटा छापखाना मजकुराचे रूपांतर अक्षर न राहता आकृती होईल अशा रेषांत करून फाइल पाठवी. फाइल सुरक्षित छापली जाई, पण मजकूर म्हणून तिचा अंत होई. पुढच्या वर्षी त्यातील एक काना बदलता येत नसे, म्हणून कर्व्ह केलेल्या नावावर पांढरा चौकोन ठेवून त्यावर नवे नाव लिहिण्याची पद्धत पडली. त्यात देवनागरीची एक खास अडचण मिसळते: शब्दातील अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि कर्व्ह केलेली अक्षरे एकत्र जोडली की जेथे दोन रेषा एकावर एक येतात तेथे आज्ञावली तो भाग पोकळ मानते, त्यामुळे शिरोरेषेत पांढऱ्या खाचा दिसतात. जोडण्याऐवजी वेल्ड, म्हणजे दोन आकृत्यांची एकच बाह्यरेषा करणारी आज्ञा, वापरली की खाच राहत नाही. हा दोष इंग्रजी मजकुरात सहसा उद्भवत नाही, आणि म्हणून आज्ञावलीच्या परदेशी माहितीपुस्तिकेत त्याचे उत्तर सापडत नाही.

पांढऱ्या चौकोनाचा म्हणजे पत्तीचा प्रश्न जत्रेच्या पत्रकात सर्वाधिक स्पष्ट होतो. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जी जत्रा भरते तिची तारीख पंचांगाच्या तिथीने ठरलेली नसते, ती देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणून स्थानिक पत्रकांत आणि फलकांत बाकीची मांडणी आधी सिद्ध असते आणि तारीख शेवटी बसते. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीची असल्याने तिची तारीख आधी माहीत असते, तरी बसगाड्या, प्रयोग आणि पाहुण्यांचे तपशील दरसाल बदलतातच. फाइलीत दरवर्षी तारखेवर एक चौकोन येतो, त्यावर नवी तारीख, पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरा चौकोन. या चौकोनांचे तीन स्वतंत्र धोके आहेत. पहिले, जमीन पांढरी नसून पिवळसर किंवा छटेची असेल तर चौकोन छपाईत फिकट डागासारखा उमटतो. दुसरे, छपाईत रंगावर रंग चढवण्याची, म्हणजे ओव्हरप्रिंटची, सूचना त्या चौकोनाला चुकून लागलेली असेल तर पांढरा चौकोन शून्य शाई मानला जातो, म्हणून तो खालचे काही झाकत नाही. पडद्यावर सर्व ठीक दिसते आणि प्लेटवर मात्र दोन वर्षांच्या तारखा एकमेकींवर येतात. तिसरे, पीडीएफ करून प्रत पाठवली तर झाकलेला जुना मजकूर तीत तसाच राहतो आणि शोध घेणाऱ्याला सापडतो. देणगीदारांची नावे किंवा रकमा झाकलेल्या असतील तर ही गोष्ट गंभीर होते. म्हणून दुरुस्तीत चौकोन हलवणे पुरेसे नसते. खालचा मजकूर काढून टाकणे, चौकोन काढणे आणि तारीख एकाच स्वच्छ चौकटीत ठेवणे एवढे सर्व करावे लागते. खालचे थर पाहण्यासाठी कोरलमध्ये वायरफ्रेम, म्हणजे भराव न दाखवता केवळ बाह्यरेषा दाखवणारे दृश्य, उपयोगी पडते. वरच्या वस्तूखालील वस्तू निवडण्यासाठी कोरलमध्ये आल्ट आणि इनडिझाइनमध्ये कंट्रोल ही कळ धरून क्लिक केले जाते.

इनडिझाइन १९९९ साली आला तो नाव दिलेल्या थरांसह, आणि २००२च्या २.० आवृत्तीत त्याने पारदर्शकता आणली. मागे फिकट चित्र आणि वर मजकूर ही कोकणातील पत्रकांची आवडती मांडणी त्याआधी फोटोशॉपमध्ये चित्र कायमचे फिकट करून साधली जाई. आता ते मांडणीतच फिकट करता येऊ लागले, मूळ चित्र अबाधित राहिले, आणि त्याबरोबर एक नवा दोष आला. पारदर्शकता न समजणाऱ्या जुन्या छपाई-यंत्रणेसाठी फाइल सपाट केली जाते, तेव्हा सावली किंवा फिकट चित्राच्या खाली सापडलेली अक्षरे कधी आकृती बनतात, कधी ठिपक्यांचे चित्र, आणि एकाच परिच्छेदातील अर्धा मजकूर जाड दिसतो. मजकूर नेहमी पारदर्शक वस्तूंच्या वरच्या थरावर ठेवणे हा उपाय आहे. तो साधा आहे, पण वारशाने आलेल्या फाइलीत तो लागू करण्यापूर्वी मजकूर कोणत्या थरावर आहे हे शोधावे लागते, कारण जुन्या पेजमेकर-फाइलीतून आलेल्या पानात बहुधा सारे काही एकाच थरावर असते. इनडिझाइन प्रत्येक थराच्या चौकटींना वेगळा रंग देतो, त्यामुळे ही पाहणी डोळ्यांनीच होते.

मजकूर अचानक सरकलेला किंवा गायब झालेला दिसला, आणि चौकटीच्या कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह असले, तर मजकूर चौकटीत मावत नाही एवढाच अर्थ असतो. मावत का नाही, हे मात्र कधी कधी अदृश्य असते. चित्राभोवती मजकूर वळवण्याची सूचना ज्या चित्राला आहे ते लपवलेल्या थरावर असले तरी मजकूर त्याला टाळूनच वळतो, जोपर्यंत थर लपवल्यावर ही वळणसूचना स्थगित करण्याचा पर्याय निवडलेला नसतो. स्मरणिकेतील एखाद्या गाळलेल्या जाहिरातीचे भूत अशा रीतीने लेखाच्या मध्ये पोकळी ठेवून राहते. मास्टर पानावरील, म्हणजे सर्व पानांना समान असणाऱ्या साच्यावरील, पृष्ठांक चित्राखाली जातो तोही याच वर्गातला दोष, कारण एकाच थरात साच्यावरील वस्तू पानावरील वस्तूंच्या मागे असतात. पृष्ठांकासाठी वेगळा, सर्वांत वरचा थर केला की तो पुन्हा दिसतो.

पानाचा सांगाडा टिकवून तपशील बदलण्याची शिस्त मराठीत सर्वांत मोठ्या प्रमाणावर रुजवणारा माणूस याच किनाऱ्याचा. मालवणचे जयंतराव साळगावकर (१९२९–२०१३) यांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ ही दिनदर्शिका सुरू केली. तिथी, नक्षत्र, सण, सूर्योदय आणि तारीख हे सर्व एकाच चौकोनात, वाचायला सोपे राहील अशा क्रमाने बसवण्याची तिची रचना म्हणजे पंचांगाच्या वहीचे भिंतीवरील पान करणे होते, आणि पाठीमागच्या बाजूवर लेखन देऊन तिने महिन्याच्या पानाला दुहेरी मोल दिले. तिच्या धर्तीवर सिंधुदुर्गात पतसंस्था, दुकाने आणि देवस्थाने आपापल्या दिनदर्शिका काढतात, आणि त्या फाइलींतच थरांचा गोंधळ सर्वाधिक दिसतो, कारण बारा महिन्यांच्या प्रत्येक पानावर तीसेक चौकोन, प्रत्येकात चार-पाच थर, आणि त्यात किनाऱ्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा. अशा कामात चौकोनांना एकेक हाताने न बदलता तारखांचा थर, तिथींचा थर आणि जाहिरातींचा थर असे वेगळे ठेवणे हाच टिकाऊ मार्ग आहे. त्यासाठी पहिल्या वर्षी थोडे अधिक श्रम पडतात.

आज या वारशाची खरी अडचण दार बंद होण्याची आहे. इनडिझाइनच्या २०१२ सालच्या सीएस६ या आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या ६.० आणि त्यानंतरच्या फाइली थेट उघडता येत. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती सोय उरली नाही. याच सीएस६मध्ये भारतीय लिपींची युनिकोड मांडणी मात्र आली, म्हणजे जी आवृत्ती जुनी फाइल उघडते तीच नव्या लिपीत तिला नेऊ शकते. ज्या छापखान्यात तिची परवानाधारक प्रत आहे त्याने ती जपावी असे वाटते. युनिकोडमध्ये देवनागरीचा खंड १२८ स्थानांचा आहे आणि जोडाक्षरे फॉण्ट घडवतो, त्यामुळे जुन्या फॉण्टातील मजकूर नव्यात आणताना केवळ क्रमांक बदलून भागत नाही, वेलांटी आणि रफार यांचा क्रमही उलटावा लागतो. या रूपांतरात अर्धा ‘ऱ’ हमखास चुकतो: समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांची अदलाबदल किनाऱ्यावरच्या मजकुरात लगेच जाणवते. रूपांतरित मजकुराची लांबी आणि उंचीही बदलते, म्हणून चौकटी पुन्हा मोजाव्या लागतात आणि चित्राशी त्यांचे अंतर पुन्हा तपासावे लागते.

ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती नाही त्यांच्यासाठी मुक्त आज्ञावलींनी एक फट उघडी ठेवली आहे. पेजमेकरच्या फाइली वाचणारी लिबपेजमेकर ही संहिता डॉक्युमेंट लिबरेशन प्रकल्पात तयार झाली आणि २०१५ साली आलेल्या लिबरऑफिस ४.४पासून ड्रॉ या भागात तिचा उपयोग होऊ लागला. त्यातून पानाची रूपरेषा बऱ्याच अंशी हाती येते, जुना फॉण्ट मात्र संगणकावर असावा लागतो. नव्याने काम ठेवताना इनडिझाइनची फाइल, तिचा एक्सएमएल-आधारित आयडीएमएल प्रकार, जो इतर आज्ञावलींनाही वाचता येतो, वापरलेले फॉण्ट, मूळ चित्रे आणि छापलेल्या प्रतीची पीडीएफ एकाच फोल्डरमध्ये ठेवली तर पुढच्या हाताला थरांचा क्रम अंदाजाने शोधावा लागत नाही. त्यात एक साधा मजकूर-कागद असावा, ज्यात थरांची नावे, कोणता मजकूर दरवर्षी बदलतो आणि कोणत्या वर्षी कोणता बदल झाला एवढे लिहिलेले असेल. सावंतवाडी, मालवण वा कणकवलीतील ज्या छापखान्यांत जुन्या पेस्टिंगच्या फिल्मा अजून लाकडी कपाटात आहेत, त्यांच्या पाकिटांवर पेन्सिलीने लिहिलेली गिऱ्हाइकांची नावे आणि वर्षे हेही याच कामाचे आधीचे रूप आहे, आणि त्या फिल्मा स्कॅन होण्यापूर्वी ती पाकिटे टाकून दिली जाऊ नयेत.